आम्लपित्ताचा बाजार

वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजार हे गाव आहे. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना महामार्ग आणि अकोल्याहून मंगरूळपीरला जाणारा रस्ता येथे एकमेकांना मिळतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, तेव्हापासून त्या मार्गाचे प्रवेशद्वारही गावाजवळ आले आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस पिकविणाऱ्या आसपासच्या खेड्यांतील माणसे अशा गावी माल विकावयास, बी-बियाणे घ्यावयास आणि औषधपाणी करावयास येतात. वऱ्हाडातील अशा कोणत्याही बाजारगावात औषधाच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहिले, तर एक मागणी हमखास कानी पडते : ‘गॅसची एक गोळी द्या.’

मागणाऱ्याजवळ चिठ्ठी नसते. देणारा प्रश्न विचारीत नाही. कात्रीने पट्टीतून एक गोळी कापली जाते आणि औषधाचे नाव, किंमत, मुदत यांपैकी निदान एखादी गोष्ट उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. हाच माणूस तासाभरापूर्वी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालून आलेला असतो. बियाण्याची पिशवी त्याने उलटून-पालटून, कोणते वाण, कोणत्या कंपनीचे, उगवण किती, हे विचारूनच घेतलेली असते. पोटात जाणाऱ्या वस्तूबद्दल मात्र तो अवाक्षर काढीत नाही. हा त्याचा मूर्खपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. भाजी आणि बियाणे यांची पारख त्याला आहे. गोळीची पारख करण्याचे कोणतेही साधन समाजाने त्याच्या हाती दिलेले नाही. प्रश्न आहे तो हा.

आम्लपित्तावरील औषधांची तुलना हा वैद्यकाचा विषय आहे, हे खरे. परंतु एका वस्तूची पन्नास नावे, त्या नावांच्या किमतीत अनेक पटींचे अंतर आणि ग्राहकाला मालाची काहीच माहिती नाही, अशी स्थिती जेथे असते तेथे तो विषय अर्थशास्त्राचाही होतो. आणि मजुरीच्या पैशातून ती किंमत चुकती होते तेव्हा तो सर्वांचाच होतो.

तीन तऱ्हांची औषधे

दुकानात नावे पुष्कळ असली तरी आम्ल कमी करणाऱ्या प्रचलित औषधांच्या तऱ्हा मुख्यतः तीनच आहेत. त्यांतील फरक समजण्यासाठी शेतातील विहिरीवरच्या मोटारीचा दृष्टांत पुरेसा आहे. मोटार सुरू राहून वाफ्यात नको तितके पाणी साचले, तर तीन गोष्टी करता येतात. साचलेले पाणी उपसून टाकावे. मोटार सुरू करणारी एखादी कळ बंद करावी. अथवा मोटारच थांबवावी.

पहिली तऱ्हा उपशाची. खाण्याचा सोडा आणि अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम यांचे क्षार असलेली, पांढरी दाट पातळ औषधे व चघळण्याच्या गोळ्या या वर्गात येतात. जठरात तयार झालेले आम्ल ती तेथल्या तेथे मारतात. गुण मिनिटांत येतो आणि थोड्या वेळात ओसरतो. अॅल्युमिनियमने मलावरोध होतो, मॅग्नेशियमने पोट सैल होते. म्हणून बहुधा दोहोंची जोडी घातलेली असते. सोड्यात सोडियम असल्याने रक्तदाबाच्या रुग्णाने तो वारंवार घेऊ नये, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची औषधे वैद्यास विचारल्यावाचून घेऊ नयेत. एवढे पथ्य सांभाळले तर कधीमधी होणाऱ्या जळजळीवर हा उपाय पुरेसा असतो.

दुसरी तऱ्हा कळ बंद करणाऱ्यांची. जठरातील पेशींना आम्ल सोडण्याचा जो संदेश मिळतो, त्याचा एक मार्ग हिस्टामिन या द्रव्याचा आहे. तो मार्ग अडविणारे औषध शोधण्याचा ध्यास ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी घेतला आणि त्यातून सिमेटिडीन निघाले. ते १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले. तोपर्यंत जठरव्रणाच्या अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागत असे. त्या शस्त्रक्रिया या गोळीने झपाट्याने कमी केल्या. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाठोपाठ १९८१ मध्ये रॅनिटिडीन आणि पुढे फॅमोटिडीन आले. या औषधांचा गुण अर्ध्या-एक तासात दिसू लागतो आणि काही तास टिकतो. रात्रीच्या जळजळीवर ती विशेष उपयोगी आहेत. मात्र रोज घेत राहिल्यास त्यांचा प्रभाव हळूहळू मंदावतो.

तिसरी तऱ्हा मोटारच थांबविणाऱ्यांची. स्वीडनमधील अॅस्ट्रा कंपनीने १९८८ मध्ये आणलेले ओमेप्राझोल हे या घराण्यातील ज्येष्ठ. लॅन्सोप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ईसोमेप्राझोल ही त्याची भावंडे. आम्ल बाहेर टाकणारा पेशीतील पंपच ती निकामी करतात. अन्ननलिकेचा दाह, जठरातील व्रण, रक्तस्राव झालेला रुग्ण अशा ठिकाणी त्यांच्या तोडीचे औषध पूर्वी नव्हते. व्होनोप्राझान या आणखी नव्या जातीच्या औषधाला २०१४ च्या अखेरीस जपानमध्ये मंजुरी मिळाली आणि आता ते भारतातही विकले जाऊ लागले आहे. परंतु आज बाजारावर सत्ता आहे ती ‘प्राझोल’ घराण्याचीच.

घाईच्या दुखण्यावर संथ औषध

या तिसऱ्या तऱ्हेचा एक गुणधर्म फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असतो. हे औषध चालू असलेल्या पंपांनाच पकडते, आणि पंप चालू होतात ते अन्न पोटात गेल्यावर. म्हणून ते जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाचे असते. शिवाय पहिल्या दिवशी सर्व पंप सापडत नाहीत. पूर्ण गुण येण्यास तीन ते पाच दिवस लागतात. व्होनोप्राझानसारख्या औषधांना ही अट नाही. पण काउंटरवरून कापून दिली जाणारी गोळी सहसा ती नसते.

आता बाजारातील तो ग्राहक पुन्हा डोळ्यांसमोर आणावा. त्याने सकाळी उपाशीपोटी तीन चहा घेतले आहेत, दुपारी भजी खाल्ली आहेत, अधूनमधून खर्रा चालूच आहे. आणि आता छातीत जळजळते म्हणून तो गोळी मागतो आहे. त्याला हवा आहे तात्काळ आराम, तोही एका वेळेपुरता. तो देणारे औषध पहिल्या तऱ्हेचे. हातात पडते मात्र बहुधा तिसऱ्या तऱ्हेचे, भरल्या पोटी आणि एकच मात्रा. म्हणजे घाईच्या दुखण्यावर सर्वांत संथ औषध, तेही चुकीच्या वेळी. जळजळ तासा-दोन तासांत आपोआप शमते आणि श्रेय गोळीला मिळते. पुढच्या बाजारी तो तीच गोळी मागतो. मागणी अशी निर्माण होते.

दुसरे अज्ञान आकड्यांचे. एका पट्टीवर ‘४०’ आणि दुसरीवर ‘२०’ असे छापलेले असते. चाळीसची गोळी ‘पॉवरची’ आणि वीसची ‘साधी’, असा समज सर्वत्र आहे. सुशिक्षितही त्याला अपवाद नाहीत. वस्तुतः हे आकडे वेगवेगळ्या द्रव्यांचे आहेत. पँटोप्राझोलचे ४० मिलिग्रॅम हे ओमेप्राझोलच्या २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक प्रबळ नाहीत. आम्ल रोखण्याच्या मोजमापात ते किंचित कमीच भरतात. किलो आणि पायली यांची माप न विचारता केवळ आकड्यांवरून तुलना करावी, तसा हा प्रकार आहे. प्रत्यक्ष रुग्णांवर पाहता, योग्य मात्रेत दिलेल्या या भावंडांमध्ये सर्वसाधारण आम्लपित्तापुरता फरक अल्प आहे.

काही फरक खरोखर महत्त्वाचे आहेत, तेही सांगितले पाहिजेत. हृदयविकारानंतर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याने ओमेप्राझोल व ईसोमेप्राझोल टाळावे, कारण त्या औषधाचा प्रभाव त्यांनी कमी होतो. अशा वेळी वैद्य बहुधा पँटोप्राझोल निवडतात. रॅनिटिडीनमध्ये कर्करोगकारक मानले जाणारे एक अशुद्ध द्रव्य सापडल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते तेथील बाजारातून काढून घ्यावयास सांगितले. भारतात त्या वेळी सरसकट बंदी घालण्यात आली नाही. तथापि सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळले गेले. किती ग्राहकांपर्यंत ही वार्ता पोहोचली? ज्याला आपल्या गोळीचे मूळ नावच माहीत नाही, त्याला ती पोहोचूनही उपयोग नव्हता.

किंमत कशाची?

माल सारखा असेल तर भाव सारखा असावा, हा बाजाराचा पहिला नियम. औषधाच्या बाजारात तो का लागू होत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्राने पूर्वीच दिले आहे. केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की वैद्यकीय सेवेत विकणारा आणि घेणारा यांच्या ज्ञानात मूलभूत विषमता असते. या व्यवहारात निवड करतो वैद्य किंवा दुकानदार, गोळी घेतो रुग्ण आणि पैसे मोजतो घरातील कर्ता. निवडणाऱ्याला भावाची झळ नाही आणि झळ सोसणाऱ्याला निवड नाही. अशा ठिकाणी स्पर्धा होते ती भाव उतरविण्याची नव्हे. निवडणाऱ्याला आपलेसे करण्याची होते. औषधविक्रेत्यांच्या या वर्तनाला आवर घालण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये एक समान आचारसंहिता जाहीर केली, यातच रोगाची कबुली आहे.

अज्ञानी ग्राहकाला भाव हाच दर्जाचा पुरावा वाटतो. याचे जगप्रसिद्ध उदाहरण याच औषधांचे आहे. ग्लॅक्सो कंपनीने रॅनिटिडीन बाजारात आणले ते सिमेटिडीनपेक्षा स्वस्त करून नव्हे, महाग करून. आणि काही वर्षांतच ते जगातील सर्वाधिक खपाचे औषध ठरले. ते दिवसातून कमी वेळा घ्यावे लागे आणि इतर औषधांशी त्याचे वैरही कमी होते, हे खरे. पण महाग ते चांगले, हा समजही कामाला आला. ओमेप्राझोलच्या बाबतीत दुसरा प्रकार घडला. त्याच्या मूळ एकाधिकाराची मुदत संपत आली, तेव्हा त्याच रेणूच्या दोन प्रतिबिंबरूपांपैकी एक वेगळे काढून ते ईसोमेप्राझोल या नावाने नव्या एकाधिकारासह विकण्यात आले. लाभ थोडा वाढला असेल. भाव त्या मानाने फार वाढला.

भारताने या बाबतीत एकेकाळी जगाला धडा घालून दिला होता. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीवरच तेवढा एकाधिकार मान्य केला. दुसऱ्या रीतीने तेच द्रव्य बनविण्याची मुभा भारतीय कारखान्यांना मिळाली, आणि ऐंशीच्या दशकात रॅनिटिडीन येथे पाश्चात्त्य देशांच्या मानाने अत्यल्प किमतीत मिळू लागले. १ जानेवारी २००५ पासून द्रव्यावरील एकाधिकार पुन्हा आला. परंतु ‘प्राझोल’ घराण्यातील जुनी औषधे त्यापूर्वीच सर्वांना खुली झाली होती. म्हणजे आज त्यांच्या किमतीत जो फरक दिसतो तो संशोधनाचा मोबदला नाही. तो नावाचा मोबदला आहे.

या नावांवर नियंत्रण आणण्याचा विचार नवा नाही. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ मध्येच काही औषधांपासून प्रारंभ करून व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली होती. ती कागदावर राहिली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ नावाने चिठ्ठी लिहिणे बंधनकारक करणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. किंमत नियंत्रणाची कथाही अशीच अर्धवट आहे. पूर्वीच्या आदेशांत उत्पादनखर्च हा आधार होता. २०१३ च्या आदेशाने तो बदलून, बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या नावांच्या विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढावी आणि त्यात सोळा टक्के विक्रेत्याचा नफा मिळवावा, असे ठरविले. जेथे मुळात भावाची स्पर्धाच नाही, तेथे चढ्या भावांची सरासरी चढीच येणार. शिवाय ही मर्यादा यादीतील औषधांना लागू. त्याच द्रव्यात मळमळीचे दुसरे औषध मिसळून केलेली जोडगोळी यादीबाहेर राहिली, की तिची किंमत वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढविण्यास मोकळीक मिळते. अशा जोडगोळ्या एवढ्या का खपतात, याचे उत्तर रुग्णाच्या पोटात शोधण्यापेक्षा या तरतुदीत शोधावे.

थांबावयाचे केव्हा?

भावापेक्षाही गंभीर प्रश्न मुदतीचा आहे. अन्ननलिकेच्या दाहावर ‘प्राझोल’ औषधाचा सर्वसाधारण क्रम चार ते आठ आठवड्यांचा. प्रत्यक्षात ती गोळी वर्षानुवर्षे चालते, कारण ती थांबविण्याची तारीख कोणी लिहून दिलेली नसते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगात, कसलीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी माणसांपैकी काहींना आठ आठवडे ईसोमेप्राझोल देऊन ते बंद करण्यात आले. औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना त्यानंतर आम्लाचा त्रास सुरू झाला. ज्यांना नुसतीच बनावट गोळी दिली होती त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. दाबून धरलेले आम्ल सोडताच उसळते. माणसाला वाटते, गोळीवाचून आपले चालत नाही. आणि तो पुन्हा दुकानाची पायरी चढतो. ज्या वस्तूचा वापर थांबविला की तिचीच गरज निर्माण होते, तिच्या विक्रेत्याला जाहिरातीची आवश्यकता उरत नाही. म्हणून दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम न सोडता वैद्याच्या सल्ल्याने मात्रा उतरवीत सोडावी. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये रक्तातील मॅग्नेशियम व ब-१२ जीवनसत्त्व कमी होणे, आतड्याचे संसर्ग आणि हाडांचे अस्थिभंग यांचे प्रमाण काहीसे अधिक आढळले आहे.

याचा अर्थ गोळी वाईट, असा नव्हे. सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामके घेणारा वृद्ध, पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेला रुग्ण, अन्ननलिकेला तीव्र इजा झालेला माणूस यांना ती दीर्घकाळ आवश्यक असते आणि त्यांनी ती मनाने मुळीच बंद करू नये. प्रश्न गरज नसताना घेणाऱ्यांचा आहे. आणि त्याहून अधिक, ज्यांच्या खऱ्या रोगावर ही गोळी पडदा टाकते त्यांचा आहे. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी ऐंशीच्या दशकात सिद्ध केले की जठर व आतड्यातील बहुसंख्य व्रणांचे मूळ चिंता किंवा तिखट नसून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः प्राशन करून पाहिला. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. हा व्रण प्रतिजैविकांसह दोन आठवड्यांच्या उपचाराने समूळ जाऊ शकतो. नुसत्या आम्लरोधक गोळीवर तो दबतो आणि पुन्हा उठतो. दोन आठवड्यांत संपणारा रोग जन्मभराच्या खरेदीत रूपांतरित होतो तो असा. याहून भयंकर म्हणजे, छातीतील जळजळ पित्ताची समजून गोळी घेऊन झोपलेल्या माणसाला प्रत्यक्षात हृदयविकाराचा झटका आलेला असतो. घाम, धाप, डाव्या हातात वा जबड्यात जाणारी कळ ही लक्षणे असतील तर औषधाचे दुकान नव्हे, रुग्णालय गाठावयाचे असते. काळे शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, विनाकारण वजन उतरणे यांपैकी एकही चिन्ह असेल तर गोळीचा प्रयोग करीत बसू नये.

काय करता येईल?

मूळ नावाच्या स्वस्त औषधांच्या दर्जाविषयी वैद्य शंका घेतात. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. औषधांचे नमुने अप्रमाणित ठरल्याच्या वार्ता वेळोवेळी येतात. परंतु त्यांत नामांकित नावेही असतात. महाग भाव ही दर्जाची हमी नव्हे. नियमित तपासणी ही हमी. तेव्हा शंका घेऊन थांबण्यापेक्षा तपासणी वाढविण्याचा आणि तिचे निष्कर्ष तालुक्याच्या दुकानापर्यंत, मराठीत, पोहोचविण्याचा आग्रह वैद्यांनीच धरावा. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांची संख्या २०२३ च्या अखेरीस दहा हजारांवर गेली. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून शासकीय आरोग्य केंद्रांतील उपचार नि:शुल्क झाले. या सोयी तालुक्याच्या गावी थांबता कामा नयेत. बाजारगावापर्यंत त्या आल्या पाहिजेत, आणि फळीवर माल असला पाहिजे.

कायद्याची वाट न पाहता काही गोष्टी उद्यापासून होऊ शकतात. वैद्यांनी चिठ्ठीवर मूळ नाव आणि गोळी बंद करण्याची तारीख लिहावी. दुकानदारांनी, वेष्टनावर वैद्यकीय चिठ्ठीवरच विकण्याची सूचना असलेली गोळी कापून देण्याऐवजी, एका वेळच्या जळजळीला साधे आम्लनाशक द्यावे, आणि त्रास वारंवार होत असेल तर रुग्णाला आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना गोळीची पट्टी वाचावयास शिकविणे हा ग्राहकशिक्षणाचा उत्तम पाठ करता येईल : कंपनीने दिलेले व्यापारी नाव कोणते आणि औषधाचे मूळ नाव कोणते. घरात पगार आणि हिशेब सांभाळणाऱ्या कारकुनाने ही दोन नावे एकदा ताडून पाहिली, तर एकाच द्रव्याच्या दोन पट्ट्या दोन भावांनी घरात आल्याचे त्याला कदाचित आढळेल.

शेलूबाजारच्या परिसरातील शेतकरी बियाण्याच्या पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचावयास शिकला, तो फसवणुकीचे चटके खाऊन. पेरणी फसली की ते शेतात दिसते, आणि तो पुढच्या वर्षी सावध होतो. गोळी फसल्याचे कोठेच दिसत नाही. म्हणून औषधाची खूणचिठ्ठी वाचण्याची शिकवण अनुभवावर सोपविता येत नाही. ती द्यावी लागते. तोपर्यंत निदान एवढे व्हावे, की कात्रीने पट्टी कापताना औषधाचे नाव ग्राहकाच्या हातातील तुकड्यावर राहील.